रात्सेची गढी

रात्सेबुर्ग हे नाव बिशपच्या गावाला शोभत नाही. उत्तर जर्मनीत, ल्युबेकच्या दक्षिणेला, चार तळ्यांच्या मधल्या बेटावर हे गाव आहे. नावातला 'बुर्ग' म्हणजे गढी. आणि रात्से म्हणजे रातिबोर, पोलाब या स्लाव जमातीचा सरदार. दत्तात्रयाचा दत्तू व्हावा तसा रातिबोरचा रात्से झाला. १०६२ च्या एका सनदेत हे नाव पहिल्यांदा सापडतं.

त्याच सुमारास इथे बिशपची गादी मांडली गेली, पण ती टिकली नाही. १०६६ मध्ये स्लावांनी उठाव केला. मठाधिपती आन्स्वेरुस आणि त्याचे सोबती दगडांनी ठेचून मारले गेले. पुढे अठ्ठ्याऐंशी वर्षं गादी रिकामीच.

११५४ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश, ज्याला लोक 'सिंह' म्हणत, त्याने ती पुन्हा उभी केली आणि माग्देबुर्गहून एव्हरमोडला आणून बिशप केलं. खरं तर बिशपला अधिकार बहाल करणं हा राजाचा मान. या स्लाव मुलखापुरता तो राजा बार्बारोसाने हाइनरिशला देऊन टाकला. म्हणजे धर्मपीठ होतं खरं, पण त्यामागे मुलूख बळकावण्याचा हिशेबही उघड होता.

बेटाच्या उत्तर टोकावर कॅथेड्रल उठलं. या सपाट प्रदेशात बांधायचा दगड मिळत नाही. हिमनद्यांनी टाकलेले गोटे मिळतात, पण ते घडवणं जिकिरीचं. म्हणून माती भाजली. १२२० च्या आसपास पुरं झालेलं हे लालभडक काम विटांतल्या रोमनेस्क शैलीच्या उत्तम नमुन्यांत मोजतात.

धर्मसुधारणेनंतर कॅथेड्रल लुथरपंथी झालं आणि १६४८ च्या तहाने बिशपचा मुलूख मेक्लेनबुर्गला मिळाला. शेजारचं गाव मात्र लाउएनबुर्गच्या ड्यूकचं. १६९३ मध्ये डेन्मार्कच्या पाचव्या क्रिस्टियानने तोफा डागून ते गाव बेचिराख केलं, कॅथेड्रल वाचलं. नवं गाव मानहाइमच्या धर्तीवर काटकोनी रस्त्यांनी आखलं गेलं.

सरहद्द मात्र तशीच राहिली. एवढ्याशा बेटावर चार पावलं टाकली की राज्य बदलायचं. हा घोळ १९३७ मध्ये मिटला, गाव तोवर ज्या प्रशियाचं झालं होतं त्याच प्रशियाकडे कॅथेड्रलचं आवारही मेक्लेनबुर्गकडून गेलं तेव्हा.