सोनशीचा रस्ता: परवाना खाणीला, ओझे गावाला

१/ एप्रिल २०१७. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील सोनशी या लहानशा गावाने खनिजाचे ट्रक अडवले. तक्रार धुळीची आणि पाण्याची होती. पोलिसांनी ४५ ग्रामस्थांना अटक केली. त्यांत स्त्रियाही होत्या. या खाणी चोरट्या नव्हत्या, त्या परवान्यांनिशी चालत होत्या. मग गावावर ही वेळ का आली?

२/ उत्तराची सुरुवात पोर्तुगीज राजवटीत होते. १९०६ च्या खाणकायद्याखाली व्यक्तींना ‘कन्सेशन’ म्हणजे खाणींच्या सनदा दिल्या जात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि या सनदांना खरे मोल आले. १९८७ मध्ये भारतीय संसदेने त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले. हिशेब मात्र पूर्वीप्रमाणेच एकेका खाणीचा राहिला.

३/ गोव्याचा भूगोल येथे महत्त्वाचा ठरतो. खाणी पूर्वेकडील डोंगरांत, मुरगाव बंदर पश्चिमेला आणि मधून वाहणाऱ्या मांडवी व जुवारी. नदीकाठच्या धक्क्यांवरून बार्ज खनिज बंदरात नेत. पावसाळ्यात मांडवीचे मुख धोक्याचे झाले की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. जलमार्ग स्वस्त आणि सोयीचा होता.

४/ अडचण होती ती खाण ते धक्का या टप्प्याची. अंतर थोडे असल्यामुळे बहुतेक ठिकाणी गावाचाच रस्ता वापरात आला. शाळा, देऊळ, भातशेती आणि ट्रक एकाच वाटेवर आले.

५/ एक साधे गणित करू. ट्रकमध्ये सुमारे १० टन खनिज मावते असे धरले, तर एक कोटी टनांसाठी १० लाख भरलेल्या खेपा लागतात. ट्रक रिकामे परततात, तेव्हा रस्त्यावरून २० लाख फेऱ्या होतात. चीनच्या मागणीच्या काळात, २०१०-११ मध्ये, गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली होती. त्यात कर्नाटकातील मालही होता.

६/ तरीही गाव विरुद्ध ट्रक अशी सरळ विभागणी करता येत नाही. अनेक ट्रक खाणपट्ट्यातील रहिवाशांचेच होते, कर्ज काढून घेतलेले. खेप बुडाली की हप्ता थकत असे. एकाच घरात धुळीने खोकणारे मूल आणि ट्रकवर पोसलेला संसार, दोन्ही असू शकत.

७/ उपाय योजले गेले: ताडपत्री, रस्त्यावर पाणी मारणे, वाहतुकीच्या वेळा ठरवणे, बायपास. पण पाण्याने धुळीचा चिखल होतो आणि तो वाळला की पुन्हा धूळ उडते. वेळ कमी केली आणि माल तेवढाच राहिला, तर उरलेल्या तासांत ट्रकांची रांग दाट होते. बायपास खरा उपयोगी. मात्र त्यासाठी कोणाची तरी जमीन जाते.

८/ ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ च्या निकालात त्याने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून दिली. मर्यादा साऱ्या राज्यासाठी होती. एखाद्या रस्त्यावर किती खाणींचे ओझे एकत्र पडेल, हे त्या आकड्यातून कळत नव्हते.

९/ सोनशीत नेमके हेच उघड झाले. प्रत्येक खाणीचा आपापला वाटा कागदावर मान्य होता. बेरीज गावाच्या दारात होत होती. आंदोलनानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाने परिसरातील अनेक खाणींना संमती नाकारली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. धूळ बसली, आणि कर्जाचे ट्रकही दारात उभे राहिले.

१०/ खाणींचा इतिहास सनदा, टन आणि निकाल यांतून लिहिला जातो. गोव्याचा नकाशा पुन्हा पाहाल तेव्हा खाणीपासून धक्क्यापर्यंत एक रेघ ओढून पाहा. त्या रेघेवर कोणती गावे येतात, हा प्रश्न परवाना देण्याआधी विचारायचा होता. सोनशीने तो रस्त्यावर बसून विचारला.