‘पिस्तुल्या’: कॉलेजात शिकताना केलेली फिल्म

सिनेमा शिकायचा म्हटलं की आमच्या उंद्रीतही एकच नाव निघतं, पुण्याची एफटीआयआय. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालेली संस्था, नाव मोठंच. पण जेऊरचे नागराज मंजुळे मास कम्युनिकेशन शिकले ते तेव्हाच्या अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. तिथे शिकतानाच त्यांनी ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म केली. शाळेची ओढ लागलेल्या एका गरीब पोराची गोष्ट. २०१० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली, कथाबाह्य विभागात, दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट म्हणून. आणि तो पोरगा, सूरज पवार? ‘फँड्री’तला पिऱ्या तोच. ‘सैराट’मध्ये शेवटी दारात येणारा प्रिन्ससुद्धा तोच!