निवृत्तांनो, सही करण्यापूर्वी...

सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर माणसाच्या हाती आयुष्यभराची पुंजी येते. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, शिल्लक रजेचे रोखीकरण अशा वाटांनी आलेली ही रक्कम पुढील वीस-पंचवीस वर्षे पुरवायची असते. नोकरीत असताना बुडालेला पैसा पुन्हा कमावता येतो. निवृत्तीनंतर ती सोय उरत नाही. म्हणूनच या वयातील फसवणूक जिव्हारी लागते. फसवणारा कधी दूरध्वनीवरचा अनोळखी माणूस असतो, तर कधी घरातलाच. रीत मात्र दोघांची एकच : विचार करायला वेळ द्यायचा नाही आणि तिसऱ्या कोणाला कळू द्यायचे नाही. ही रीत ओळखता आली, तर निम्मे संरक्षण झालेच म्हणून समजावे.

दूरध्वनीवरची 'अटक'

'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत', 'तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशांचे खाते उघडले आहे' अशा धमकीने 'डिजिटल अरेस्ट'ची सुरुवात होते. पाठोपाठ व्हिडिओ कॉलवर गणवेशातील तोतया अधिकारी अवतरतो, बनावट आदेश दाखवतो आणि घरात कोणाशीही बोलण्यास मनाई करतो. हरयाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याला तर सप्टेंबर 2025 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून एक कोटी रुपयांहून अधिक रकमेला लुबाडण्यात आले. त्यांच्या तक्रारीनंतर ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

'डिजिटल अरेस्ट' अशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाहीत आणि 'पडताळणीसाठी' पैसेही मागत नाहीत. असा फोन निःशंकपणे बंद करावा. सरकारी निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरच्या सुमारास विशेष सावध राहावे. हयातीचा दाखला देण्याचा हा काळ असल्याने 'दाखला अद्ययावत करा, नाहीतर पेन्शन बंद होईल' असे सांगून ओटीपी काढून घेतला जातो. हा दाखला बँकेत जाऊन वा 'जीवन प्रमाण' या सुविधेतून आपण स्वतः द्यायचा असतो. फोनवरील माणसाला ओटीपी सांगण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी खाते गोठवता आले, तरच परत मिळण्याची आशा असते.

जादा व्याजाचा मोह

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील गुंतवणुकीची मर्यादा 2023 मध्ये 15 लाखांवरून 30 लाख रुपये झाली. या सरकारी योजनेच्या व्याजदराशी तुलना करून पाहण्याची सवय लावावी. त्याच्या दुप्पट-तिप्पट परतावा 'हमखास' देणारा माणूस ओळखीचा, नातलग वा एकेकाळचा सहकारी असला, तरी जोखीम कमी होत नाही. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे. त्यात बुडव्या संस्थेची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे; पण जप्ती, लिलाव आणि वाटप यांत वर्षे जातात. सत्तरीतल्या माणसाकडे तेवढा अवधी असतोच असे नाही.

घरातला कागद

घरातल्या माणसांनी केलेली फसवणूक ओळखणे अधिक अवघड, कारण ती प्रेमाच्या भाषेत येते. 'आई, पुढे-मागे हे घर आमचेच आहे, मग आताच नावावर करून टाक' हे वाक्य अनेक घरांत उच्चारले जाते. येथे मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतील फरक पक्का ध्यानात ठेवावा. मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते आणि हयातीत कितीही वेळा बदलता येते. नोंदणीकृत बक्षीसपत्राने मात्र मालकी तत्काळ जाते.

'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007' मधील कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवता येते. परंतु ही अट सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले. जानेवारी 2025 मधील निकालात न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावून एका मातेला मालमत्ता परत मिळवून दिली. मात्र त्या प्रकरणातही मुलाने सांभाळण्याचे लेखी वचन दिलेले होते. तात्पर्य, घर द्यायचेच असेल तर अट कागदावर हवी. त्याहून उत्तम म्हणजे घर हयातभर स्वतःच्या नावे ठेवून मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी हिताची असते.

संयुक्त खात्याचेही तसेच आहे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खात्यातून कोणीही एकजण सर्व रक्कम काढू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' खात्यात पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्याच्याच हाती राहतो. मुखत्यारपत्र द्यावे लागले, तर ते ठरावीक कामापुरतेच द्यावे.

दाद कोठे मागावी?

मुले सांभाळत नसतील, मारहाण वा उपासमार करीत असतील, तर गप्प बसू नये. साठ वर्षांवरील व्यक्तीला उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. अपत्य नसल्यास मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातलगाकडूनही तो मागता येतो. कायद्यानुसार ही रक्कम दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत असून निर्णय साधारणतः 90 दिवसांत अपेक्षित आहे. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. मार्गदर्शनासाठी 14567 ही निःशुल्क 'एल्डरलाइन' आहे.

अनेक वृद्ध तक्रार करीत नाहीत. 'लोक काय म्हणतील', 'आपल्याच रक्ताचे आहेत' हे विचार आड येतात. या मौनावरच फसवणाऱ्यांचा भरवसा असतो. म्हणून एक साधा नियम पाळावा : पैसे किंवा सही मागणाऱ्या प्रत्येकाला 'उद्या सांगतो' असे उत्तर द्यावे आणि त्या एका दिवसात विश्वासातल्या कोणाशी तरी बोलावे. खरे काम एका दिवसाने बिघडत नाही. बिघडतो तो फसवणाऱ्याचा बेत.