नंबर बरोबर, तरी नव्या चष्म्याने डोकं का दुखतं? चष्मा बसवण्यामागचं गणित समजून घ्या

नवा चष्मा आला. नंबर नीट तपासून घेतलेला. तरीही जमीन वर आल्यासारखी वाटते आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'सवय होईल.'

बऱ्याचदा होतेही. नंबर बदलला की डोळ्यांना काही दिवस लागतात. पण त्रास थांबतच नसेल, तर आणखी एक शक्यता तपासायला हवी. काचेचा नंबर बरोबर आहे, पण ती काच तुमच्या डोळ्यासमोर योग्य जागी नाही.

ही जागा ठरवणं हे वेगळं कौशल्य आहे. डोळ्यांचे आजार नेत्रतज्ज्ञ बघतात. ऑप्टोमेट्रिस्ट डोळे तपासून नंबर काढतात. त्या नंबराचा चष्मा चेहऱ्यावर नीट बसवून देणं हे ऑप्टिशियनचं काम. ऑप्टोमेट्रीच्या पदवी अभ्यासक्रमात हा स्वतंत्र विषय असतो. चष्म्याच्या दुकानांत मात्र अनेक जण हे काम बघून बघून शिकलेले असतात.

पीडी म्हणजे काय?

दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं. प्रत्येक काचेला एक केंद्र असतं आणि ते बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवं.

विद्यार्थी हे अंतर आधी साध्या पट्टीने मोजायला शिकतात. ग्राहकासमोर साधारण ४० सेंटिमीटरवर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसायचं. आपला उजवा डोळा मिटायचा, ग्राहकाला आपल्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगायचं आणि पट्टीचा शून्य त्याच्या उजव्या डोळ्यावर धरायचा. मग पट्टी न हलवता आपला डावा डोळा मिटायचा, ग्राहकाला आपल्या उजव्या डोळ्याकडे बघायला सांगायचं आणि त्याच्या डाव्या डोळ्यावरचा आकडा वाचायचा. दुकानात यासाठी पीडी मीटर नावाचं यंत्रही असतं.

फ्रेमवरचे आकडे काय सांगतात?

चष्म्याच्या काडीवर आतून ५२-१८-१४० असे आकडे असतात. ५२ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे नाकावरचं अंतर आणि १४० म्हणजे काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये.

५२ आणि १८ मिळून ७० होतात. तुमचा पीडी ६२ असेल, तर फरक ८ मिलिमीटरचा. म्हणजे प्रत्येक काचेचं केंद्र ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवून काच कापावी लागते. ते विसरलं किंवा अंदाजाने केलं, की डोळा केंद्राऐवजी कडेच्या भागातून बघतो. तिथे काच प्रिझमसारखी वागते आणि चित्र सरकवते.

किती सरकवते, याचा हिशेब सोपा आहे: केंद्र जितके सेंटिमीटर हललं, त्याला नंबराने गुणायचं. वजा १ नंबराला २ मिलिमीटरची चूक झाली, तर ०.२ एवढाच प्रिझम येतो आणि तो सहसा जाणवतही नाही. तीच चूक वजा ६ ला झाली तर १.२, आणि तोही प्रत्येक डोळ्याला. मग एकच चित्र धरून ठेवायला डोळे दिवसभर ताणले जातात. म्हणूनच मित्राला चालणारं दुकान तुम्हाला चालेलच असं नाही.

आधी फ्रेम बसवा, मग मोजा

चाळिशीनंतर बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घेताना उंचीचं मापही लागतं. बायफोकलमधली वाचायची खिडकी साधारण खालच्या पापणीच्या कडेपासून सुरू होते. प्रोग्रेसिव्हसाठी बाहुलीची उंची मोजतात. इथे क्रम महत्त्वाचा आहे. फ्रेम नाकावर आणि कानावर पक्की बसवायची आणि मगच काचेवर खूण करायची. सैल फ्रेमवर घेतलेलं माप घरी जाईपर्यंत चुकलेलं असतं.

जास्त नंबराच्या माणसाला घसरणारा चष्माही महागात पडतो. वजा ८ ची काच ५ मिलिमीटर पुढे सरकली, तर डोळ्याला साधारण वजा ७.७ च मिळतो. नंबर बदलण्याचा नेहमीचा टप्पा ०.२५ चा असतो. म्हणजे नुसत्या घसरण्याने एका टप्प्याहून जास्त फरक पडला.

वाकडा चष्मा सरळ कसा करतात?

यातला एक नियम नवशिक्याला उलटा वाटतो. उजवी काच वर दिसत असेल, तर उजवी काडी वर वाकवायची. कान तर जागेवरून हलत नाही, त्यामुळे काडीचं टोक वर गेलं की पुढची बाजू खाली येते. प्लॅस्टिकची फ्रेम गरम हवेने मऊ करून वाकवतात. धातूच्या फ्रेमला पक्कड लागते. घरी हे करू नका. उष्णतेने काचेवरच्या कोटिंगला तडे जातात.

मुलांच्या बाबतीत जास्त लक्ष का हवं?

एका डोळ्याचा नंबर खूप जास्त असलेल्या मुलाने चष्मा नीट लावला नाही, तर तो डोळा 'आळशी' होऊ शकतो. त्यावरचे उपचार लहान वयातच सर्वाधिक उपयोगी पडतात. मूल चष्म्याच्या वरून बघत असेल, तर रागावण्याआधी फ्रेम घसरते का ते पाहा. मोठी फ्रेम 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून घेऊ नका.

दुकानात काय विचाराल?

- पीडी मोजला का? आकडा लिहून घ्या. ऑनलाइन चष्मा मागवतानाही तो लागतो.
- जास्त नंबर असेल, तर दोन्ही डोळ्यांचं अंतर नाकाच्या मध्यापासून वेगवेगळं मोजायला सांगा.
- त्रास होत असेल, तर लेन्सोमीटरवर नंबरासोबत काचेचं केंद्रही तपासून मागा. काही मिनिटांचं काम असतं.
- मान खाली घालून हळूच हलवा. चष्मा घसरला, तर तिथेच घट्ट करून घ्या.

सगळं तपासूनही डोकेदुखी राहिली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर दुकानात नाही, नेत्रतज्ज्ञांकडे जा.