रामघाटावरील वह्या आणि मेकॅनोची पेटी

उज्जयिनीस शिप्रेच्या रामघाटावर स्नान करून आपल्यापैकी पुष्कळांनी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजा-पणजांची नावे शोधली असतील. वकिली करणाऱ्या माणसास या वह्यांचे मोल विशेष वाटते, कारण वारसाच्या दाव्यांत वंशावळीचा पुरावा म्हणून त्या न्यायालयापुढे आलेल्या आहेत. जुन्या सामानाच्या दुकानांत येऊन पडणाऱ्या खेळण्यांस मात्र कोणाची वही नसते. धनी गेला, घर मोडले, की पेटी भंगारात येते आणि तिची वंशावळ तेथेच तुटते. याला मला ठाऊक असलेला एक अपवाद म्हणजे मेकॅनो.

भोके पाडलेल्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि पितळी चाके जोडून यारी, पूल अगर गाडी उभारण्याचे हे खेळणे लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी काढले. ते यंत्रविशारद नव्हते. एका मांस-आयातदाराच्या पेढीवर हिशेबनीस होते. आपल्या मुलांसाठी घरी यारी करीत असता, तेच सुटे भाग मोडून दुसऱ्या कामी लावता यावेत, असे त्यांच्या मनात आले. १९०१ साली त्यांनी पेटंट घेतले आणि १९०७ साली मेकॅनो हे नाव ठेवले. (या खेळण्याच्या नकलेचा तंटा १९२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला.

या पट्ट्यांची वही त्यांच्या अंगावरच असते. १९२६ पूर्वीच्या पट्ट्या निकेलच्या मुलाम्याच्या. त्या साली लाल व हिरवा रंग आला. १९३४ साली निळा व सोनेरी. युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा. १९६४ पासून पिवळा, काळा व रुपेरी. उज्जयिनीत एका जुन्या सामानाच्या दुकानी मला जी पेटी मिळाली, तीत सोनेरी रेषांचे निळे पत्रे, हिरव्या पट्ट्या आणि मुलामा उडालेल्या निकेलच्या पट्ट्या एकत्र होत्या. म्हणजे एकाच घरात निदान दोन पिढ्या तरी तिच्याशी खेळल्या असाव्यात, असे मी धरून चालतो. रंग निरनिराळे, पण सर्व भाग एकमेकांत बिनचूक बसतात; दोन छिद्रांतील अर्ध्या इंचाचे अंतर कधी बदललेच नाही.

अशा पेट्यांस हल्ली दर येतो, म्हणून काही विक्रेते जुन्या पट्ट्यांवर नवा रंग चढवितात. मला ते पटत नाही. महाकालाच्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण, आपले रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, तो त्यांच्या नावाने आजही सांगितला जातो. मोडलेला भाग बदलावा, त्यात उणेपणा नाही. पण १९६४ ची पट्टी १९२० ची म्हणून खपविणे ही खोटी साक्ष होय.

हे निव्वळ पोरखेळाचे सामान, असेही कोणी म्हणू नये. १९३४ साली मँचेस्टरच्या विद्यापीठात डग्लस हार्ट्री व आर्थर पोर्टर यांनी बव्हंशी मेकॅनोचेच भाग जुळवून अवघड समीकरणे सोडविणारे यंत्र उभारले. त्याच धर्तीवर केंब्रिजला झालेले यंत्र पुढे न्यूझीलंडने जुने म्हणून विकत घेतले. ते ऑकलंडच्या संग्रहालयात आहे.

आमच्याकडे खरा धोका रंगाचा नसून तराजूचा आहे. पितळेला भाव असल्याने दातेरी चाके प्रथम वेगळी होतात आणि भट्टीत जातात. पेटीत उरतो तो पत्रा. उज्जयिनीच्या दुकानदारानेही चाके एका डब्यात निराळी काढून ठेवली होती. मी ती पितळेच्याच दराने तोलून घेतली. सत्तावन्न दात्यांचे चाक व एकोणीस दात्यांचे छोटे चाक मधले एक छिद्र सोडून पट्टीवर बसविले. मोठ्याचा एक फेरा होईतो धाकट्याचे बरोबर तीन झाले. दुकानदाराने ते स्वतःच्या हाताने दोनदा फिरवून पाहिले आणि माळ्यावर अशीच आणखी एक पेटी असल्याचे सांगितले.