बोरीचा गाळ आणि आकाशातून केलेली मोजणी

बोरी नदीवरच्या कुरनूर धरणावर पाणीपातळीची पट्टी वाचणं हे माझं काम होतं. रोज सकाळी पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. वारा असला की लाट पट्टीवर वरखाली होते. तेव्हा दोन्ही आकडे डोळ्यांनी धरून मधला घ्यायचा. उन्हाळ्यात पाणी हटेल तशी काठावर गाळपेर व्हायची. भेगाळलेल्या काळ्या गाळात काठी खुपसून एक शेतकरी मला म्हणाला होता, “अण्णा, पाणी तेवढंच दिसतंय, पण खालनं तळ वर यायलाय बघा.”

नेमकी हीच गोष्ट उपग्रह मोजतो, तेही तळ न पाहता. त्याला दिसतो फक्त पाण्याचा काठ. भरलेल्या धरणापासून आटलेल्या धरणापर्यंत वेगवेगळ्या दिवसांची चित्रं घ्यायची, प्रत्येकात पाणी किती क्षेत्रावर पसरलंय ते मोजायचं आणि दोन पातळ्यांमध्ये किती पाणी मावतं ते काढायचं. धरण बांधतानाच्या तक्त्याशी ताडल्यावर जी तूट निघते, तो गाळ. पण चित्रात पातळी उमटत नाही. उपग्रह वरून गेला त्या दिवशीची पातळी धरणावरच्या वहीतूनच घ्यावी लागते. नाशिकची ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, याच पद्धतीनं धरणांतला गाळ मोजत आली आहे. त्या अहवालांच्या मुळाशी पट्टी वाचणाऱ्यांचं हस्ताक्षर आहे आणि त्याचं मोल कुणी कमी लेखू नये.

मोजणी किती बारीक होत गेली, ते आपल्या गुंठ्यांतच सांगतो. 17 मार्च 1988 रोजी आपला आयआरएस-1ए उपग्रह वर गेला, तेव्हा त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेबहात्तर मीटरचा होता, म्हणजे एक एकर बारा गुंठे. एवढ्या ठिपक्यात अख्खं शेत बुडायचं. 1995 च्या आयआरएस-1सीच्या चित्रात ठिपका साडेपाच गुंठ्यांवर आला. 2015 पासून युरोपच्या सेंटिनेल-2 ची चित्रं मिळतात. त्यांचा ठिपका दहा मीटरचा, जवळजवळ एक गुंठा. एवढ्यात गाळपेरीची पट्टी ओळखू येते.

रंगांचंही शास्त्र आहे. स्वच्छ पाणी अवरक्त किरण गिळतं, म्हणून चित्रात काळं दिसतं. गढूळ पाणी जास्त प्रकाश परतवतं, म्हणून फिकट निळसर येतं. जलपर्णी मात्र अशा अवरक्त चित्रात हिरव्या शेतासारखीच लालभडक उमटते. तिला जमीन समजून वगळलं, तर पाण्याचं क्षेत्र कमी भरतं आणि नसलेला गाळ हिशोबात येतो. पुण्याकडचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनी धरणाच्या फुगवट्यात ही काळजी घ्यावीच लागते.

बोरीच्या गाळाचा इतिहास सांगताना मात्र आधी नळदुर्गला जायला हवं. कुरनूरच्या वर, याच नदीवर, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली किल्ल्यात बांध घातला गेला. त्याच्या पोटातला पाणी महाल आणि नर-मादी धबधबे पाहायला माणसं लोटतात. माझं लक्ष भिंतीमागच्या पाण्याकडे जातं. शेकडो वर्षं तुळजापूरकडची माती आधी तिथे अडली. भिंतीवरून उतरली तेवढीच खाली आली. असा अडलेला गाळ काढायला 2017 साली राज्यानं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. तलावातला गाळ रानात नेऊन टाकणं आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होतं.

आकाशातल्या मोजणीला मर्यादा आहे आणि ती उजनीत ढळढळीत दिसते. 117 टीएमसीच्या या धरणात सुमारे 63 टीएमसी मृतसाठा आहे. 496.83 मीटरला धरण भरतं, 491.03 मीटरला उपयुक्त पाणी संपतं. एरवी उपग्रहाच्या हिशोबाला मिळतात ती ही पावणेसहा मीटर. 2016 आणि 2024 च्या उन्हाळ्यात उजनी बरीच उण्यात गेली, पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं. उजनीच्या खाली भीमेवरच्या हिळ्ळी बंधाऱ्यावर अवलंबून असलेल्या अक्कलकोटला असे दिवस जड जातात. पण मृतसाठ्याच्या वरच्या थरातला काठ त्याच महिन्यांच्या चित्रांत मिळतो, म्हणून ती जपून ठेवायला हवीत. त्याखालचा गाळ मोजायला होडीत बसून, ध्वनियंत्र लावून, ओळीओळीनं तळ चाचपण्याला आजही पर्याय नाही.