निरुपयोगी ठरविलेल्या लहरी

इ. स. १९१२ च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें आपल्या देशांतील हौशी बिनतारी मंडळींस २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींचा मुलूख तोडून दिला. त्यांत औदार्य नव्हतें. लांब लहरीच दूर जातात, अशी त्या वेळच्या जाणत्यांची समजूत होती. तेव्हां ओसाड माळ इनाम देऊन कटकट मिटविण्यापैकींच तो प्रकार होता.

आपला संदेश अटलांटिकपार पोंचतो कीं नाहीं, हें या मंडळींस पाहावयाचें होतें. १९२१ च्या फेब्रुवारींतला पहिला प्रयत्न फसला. ब्रिटनमध्यें कोणासच कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग दोष लहरींचा कीं कानांचा, हा प्रश्न निघाला, आणि त्या हिवाळ्यांत अमेरिकन रेडिओ रिले लीगनें पॉल गॉडली नांवाचा निष्णात श्रोता स्वतःच्या यंत्रासह बोटीनें विलायतेस धाडला. त्यानें स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन या गांवीं समुद्राजवळ तंबू ठोकला. साक्षीस मार्कोनी कंपनीचा पिअर्सन नांवाचा निरीक्षक होता.

यंत्रापेक्षां आम्हांस तंबूबाहेरच्या तारेचें नवल अधिक वाटतें. तार जितकी उंच तितकी चांगली, हा रूढ दंडक. १९०१ सालीं न्यूफाउंडलंडांत मार्कोनीनें तर ती पतंगास बांधून आभाळांत नेली होती. गॉडलीची तार मात्र सुमारें १३०० फूट लांब आणि जमिनीपासून जेमतेम १२ फूट उंच, जणूं कपडे वाळत घालण्याची लांबलचक दोरीच! ही युक्ति हॅरल्ड बेव्हरेज या अमेरिकन इंजिनिअराची. जमिनीवरून धांवतांना लहर किंचित् पुढें कलते. तिच्या दिशेनें लांब तार टाकली, तर लहर व तारेंतील प्रवाह बरोबरीनें चालतात आणि प्रवाह वाढत वाढत यंत्रापर्यंत येतो. अमेरिकेकडील टोंक योग्य रोधकांतून जमिनीस जोडलें, म्हणजे पाठीमागून आलेल्या लहरी तेथेंच विरतात. अशी तार फार कांहीं पकडीत नाहीं. पण खरखर त्याहूनही कमी पकडते, आणि दूरचें ऐकणाऱ्यास हवें असतें तें हेंच. आमच्या लहानपणीं तांब्याच्या जाळीची पट्टी भिंतीवर शक्य तितकी उंच ताणून आम्ही सिलोन ऐकत असूं. बेव्हरेजचें नांव तेव्हां कानांवर आलें असतें, तर शिडीवरून पडण्याचे दोन प्रसंग टळते.

वाऱ्यापावसांत, थंडीनें कुडकुडत गॉडलीनें रात्रीं काढल्या. १२ डिसेंबरच्या पहांटे कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथील हौशी केंद्राचा अभिनंदनाचा अख्खा संदेश त्यानें टिपून घेतला. संदेशाखालील सह्यांत एडविन आर्मस्ट्राँगचें नांव होतें, आणि गॉडलीच्या यंत्राची सुपरहेटरोडाइन ही रचनाही त्याचीच! बरोबर वीस वर्षांपूर्वीं, त्याच तारखेस, मार्कोनीनें एका अक्षराचे तीन टिंब ऐकल्याचें सांगितलें होतें. त्याविषयीं तज्ज्ञ आजही शंका घेतात. येथें मात्र पुरा मजकूर होता, आणि त्रयस्थ साक्षीही.

तरीही एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. ग्रीनिचची लहर सुमारें २३० मीटरांची होती. म्हणजे माळाच्या बांधावरची. माळाची खरी कसोटी १९२३ च्या नोव्हेंबरांत लागली. त्या वेळीं फ्रान्समधील नीस येथील लेऑन डेलॉय व अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांनीं १०० मीटरांच्या आसपास परस्परांशीं संभाषण केलें. मग काय, ज्यांनीं हा मुलूख टाकाऊ ठरविला होता, तेच त्यावर हक्क सांगावयास धांवले. कंपन्यांनीं आंखूड लहरींचीं केंद्रें उभारलीं. १९२७ सालीं विलायत आणि हिंदुस्थान यांमधील बीम तारसेवा सुरू झाली, तिचें प्रेषणकेंद्र आमच्या पुण्याजवळ खडकीस, आणि ऐकण्याचें केंद्र दौंडास होतें.